लिफाफ्यात काय निघालं

बचत गटातल्या बायकांना मी गेली अकरा वर्षं एक गोष्ट सांगत आले आहे: समजल्याशिवाय सही करायची नाही. कर्जाचा अर्ज असो, कुणाला जामीन राहायचं असो, विम्याचा कागद असो. समोरचा कितीही घाई करू दे, कागद वाचायचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा आणि मगच पेन हातात धरायचं. म्हणून पुण्यातल्या त्या रुग्णालयात माझ्याच हातात मुतखड्याच्या ऑपरेशनवरच्या एका अभ्यासाचं नऊ पानी संमतीपत्र आलं तेव्हा मला दुसऱ्या पानावर थांबावंच लागलं. ‘सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ असं तिथे छापलं होतं. मी मराठी घेऊन बीए केलंय. मला तो शब्द कळला नाही.

समोरचे निवासी डॉक्टर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील. सकाळपासून ओपीडीत उभे होते, डोळे तारवटलेले. ‘ताई, शेवटच्या पानावर सही,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘डॉक्टर, याचा अर्थ सांगा, मग करते.’

त्यांनी बाजूची खुर्ची ओढली आणि बसले. त्या बसण्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

पण आधी खड्याबद्दल सांगते. मी बार्शीला राहते. एका खासगी संस्थेसाठी वैराग, पांगरी, गौडगाव आणि आसपासच्या गावांत स्कूटरवरून फिरून बचत गटांचे हिशेब तपासते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वैरागहून परत येताना उजव्या कुशीत कळ आली. मला दोन बाळंतपणांचा अनुभव आहे, तरी ही कळ वेगळीच होती. कमरेतून निघून जांघेत उतरायची, थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले, बसवेना. उभी राहिले, उभं राहवेना. उलटी झाली. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने मागे वैरागला डॉक्टरांकडे नेऊन सोडलं. इंजेक्शन मिळाल्यावर अर्ध्या तासाने माणसात आले.

सोनोग्राफीत दिसलं की उजव्या मूत्रपिंडात, लघवी जिथून खाली नळीत उतरते त्या तोंडाशी, २१ मिलीमीटरचा खडा आहे आणि मूत्रपिंडाला थोडी सूज आलीय. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी कुळीथ भिजत घातले. चार महिने कुळथाचं कढण आणि सकाळी पानफुटीची पानं, असं मी मनापासून केलं. कळा कमी झाल्या, म्हणून खडा विरघळतोय असं वाटलं. तो जागचा हललाही नव्हता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की कळ अडथळ्याची असते, खड्याची नसते. खडा थोडा बाजूला सरकला, लघवीला वाट मिळाली, की दुखणं थांबतं आणि मूत्रपिंडाचं नुकसान मात्र मुकाट्याने चालू राहू शकतं. दुखत नाही म्हणून घरी बसलेल्या सगळ्यांना मला हे वाक्य ऐकवायचं आहे.

आमच्या घरात मुतखड्याच्या ऑपरेशनची धास्ती जुनी आहे. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, १९८० च्या दशकात झालं होतं, उघडं. पाठीपासून पोटाकडे आलेला वीतभराहून लांब व्रण त्यांनी जन्मभर वागवला. आडतीवर पोती उचलायचं काम त्यानंतर त्यांना कधीच जमलं नाही, आणि घराची घडी त्या एका चिरेने बदलली. माझ्या डोळ्यांसमोर ऑपरेशन म्हणजे तो व्रण होता. चार महिने कढण पिण्यामागे श्रद्धा होती तशी भीतीही होती, हे मी कबूल करते.

पुण्याला सीटी स्कॅन झाला. खडा किती टणक आहे हे सीटीवर आकड्यात मिळतं. माझा १२८० निघाला. ‘हजाराच्या वर गेला की बाहेरून फोडणं अवघड,’ असं वरिष्ठ डॉक्टर म्हणाले. बाहेरून फोडणं म्हणजे लिथोट्रिप्सी. ती १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर झाली. यंत्र बनवलं होतं डॉर्नियर या विमानांच्या कंपनीने. वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला इजा का होते, याचा शोध घेताना त्यांना धक्कालहरींचं हे बळ उमगलं होतं. चिरा नाही, टाका नाही. पण मोठ्या आणि कडक खड्यापुढे तिचं फारसं चालत नाही. दुसरा मार्ग लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण वर नेऊन लेझरने फोडण्याचा. दोन सेंटिमीटरच्या आतल्या खड्यांना तो छान. माझा त्या रेषेच्या पलीकडचा, एका बैठकीत साफ होईल याची खात्री कमी. राहिला तिसरा मार्ग, पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने काढायचा. त्याला पीसीएनएल म्हणतात. पिवळं रेशनकार्ड असल्याने उपचार महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसले, तो घोर मिटला.

छिद्र केवढं, हे मी विचारलं. व्रण मनात होता. डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदावर तीन गोल काढले. या नळ्या ‘फ्रेंच’ नावाच्या मापात मोजतात. फ्रेंचचा आकडा तीनने भागला की मिलीमीटर मिळतात. नेहमीच्या पीसीएनएलला २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे ८ ते १० मिलीमीटर, करंगळीच्या जाडीचं. माझ्यासाठी ‘मिनी’, १६ फ्रेंच, पाच मिलीमीटरहून किंचित मोठं. शहाळ्यात घालतात त्या नळीएवढं. तिसरा गोल ठिपक्यासारखाच होता, ४.८५ फ्रेंच. इतक्या बारीक सुईसारख्या दुर्बिणीने खडा फोडण्याचं काम गुजरातेत नडियादच्या मूत्रपिंड रुग्णालयातल्या डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं, पण ते लहान खड्यांसाठी. नडियाद हे नाव ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं. आपल्या शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या शहराने जगाला दाखवलेली वाट होती ती.

मग आला तो नऊ पानी कागद.

‘ताई, तुमचं ऑपरेशन कुठल्याही परिस्थितीत होणार आहे,’ डॉक्टरांनी सुरुवात केली. ‘अभ्यासात आलात तरी आणि नाही आलात तरी. छिद्रही तेवढंच. प्रश्न आहे तो ऑपरेशन संपल्यावरचा.’

खडा काढून झाला की मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत एक मऊ नळी ठेवायची पद्धत आहे. तिला डीजे स्टेंट म्हणतात. दोन्ही टोकं इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली, म्हणजे ती वर-खाली सरकत नाही. फिनी नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिने कितीतरी मूत्रपिंडं वाचवली आहेत. सूज असली, एखादी कच राहिली, रक्ताची गाठ अडकली, तरी लघवी या नळीतून आणि तिच्या कडेने वाहत राहते. पण ती टोचते, सारखी लघवीला लावते आणि दोन आठवड्यांनी काढायला पुन्हा यावं लागतं. मग खडा पूर्ण निघाला असेल, रक्तस्राव नसेल, तर ती ठेवायची गरज आहे का? की ऑपरेशनच्या सुरुवातीला लघवीच्या वाटेने घातलेली साधी बारीक नळी एक दिवस ठेवून दुसऱ्या दिवशी ओढून टाकली तरी भागतं? अभ्यास एवढ्याच प्रश्नाचा होता.

‘आणि कुणाला काय, ते तुम्ही ठरवणार?’

‘तेच तर नाही. मीही नाही, सरही नाही, तुम्हीही नाही. बंद लिफाफे आहेत, नंबर घातलेले. आत काय आहे ते आम्हालाही ठाऊक नसतं.’

‘म्हणजे चिठ्ठ्या टाकणार!’

‘हो,’ ते म्हणाले, ‘चिठ्ठ्या.’

मला राग आला होता, तो कागदावर. चिठ्ठ्या टाकणं आमच्या प्रत्येक गटाला ठाऊक आहे. पहिलं कर्ज कुणाला, यावरून भांडण नको म्हणून चिठ्ठ्याच टाकतात. निवड कुणाच्या हातात राहू नये, वशिला चालू नये, याचसाठी ना? मग जी गोष्ट पांगरीच्या शेतमजूर बाईला एका शब्दात कळली असती, ती तिच्यापासून लपवणारा शब्द त्या कागदावर कशाला? मी हे बोलूनही दाखवलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पेन्सिलने समासात ‘चिठ्ठ्या टाकून’ असं लिहिलं.

चिठ्ठी कशासाठी, तेही त्यांनी समजावलं. डॉक्टरांवर सोपवलं तर ज्याचं ऑपरेशन सोपं झालं त्याला ते नळी ठेवणार नाहीत आणि ज्याचं अवघड झालं त्याला ठेवतील. मग शेवटी नळीवाले जास्त आजारी दिसतील आणि दोष नळीला लागेल. दोन्ही गट सारखे असले तरच तुलना खरी. हे मला पटलं. दुष्काळी गावातल्या गटाची परतफेड कालव्यावरच्या गावाशी ताडून पाहायची नसते, हे मी रोज वरिष्ठांना सांगत असते.

तरी मी त्या दिवशी सही केली नाही. कागद घरी नेला. ते म्हणाले, ‘न्या, घाई नाही.’ एसटीत बसून पूर्ण वाचला. कधीही बाहेर पडता येईल, कारण सांगावं लागणार नाही, उपचारांत फरक पडणार नाही, हे होतं. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार ते होतं. अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर होता. पहिल्या पानावर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक होता. ही आपल्या देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००७ पासून सुरू झालेली आणि कुणीही उघडून पाहावी अशी. मी मोबाइलवर पाहिली. काय मोजणार, किती रुग्ण घेणार, हे पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे लिहून ठेवावं लागतं, म्हणजे निकाल पाहून कुणाला प्रश्न बदलता येत नाही. आमच्या गटाच्या हिशेबवहीत पानांना आधीच नंबर घातलेले असतात, म्हणजे मधलं पान फाडता येत नाही. तसंच हे.

नवरा म्हणाला, ‘आपल्यावर प्रयोग करतायत.’ दीर म्हणाला, ‘फुकटात धोका कशाला?’ मी दोघांना विचारलं, ‘अण्णांच्या पाठीवर वीतभर व्रण होता आणि माझ्या पाठीवर नळीएवढं छिद्र पडणार, हे मधे कसं झालं?’ तेव्हा माझ्याकडेही पूर्ण उत्तर नव्हतं. पुढे मी विचारून, वाचून ते गोळा केलं. १९७६ मध्ये स्टॉकहोममधल्या फर्नस्ट्रॉम आणि जोहान्सन यांनी पाठीतून मुद्दाम वाट करून खडा काढल्याचं लिहिलं. त्या वेळी ती वाट हळूहळू रुंद करायलाच काही दिवस जायचे. मग वाट एका बैठकीत होऊ लागली. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाटच अरुंद झाली. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, बेलमन आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशननंतर पाठीतून बाहेर काढून ठेवायची नळी निवडक रुग्णांत वगळून पाहिली. २०२१ मध्ये चीनमधल्या २० रुग्णालयांनी मिळून १९८० रुग्णांवर केलेला अभ्यास छापून आला: दोन ते चार सेंटिमीटरच्या खड्यांना लहान छिद्र मोठ्या छिद्राइतकंच पुरतं, रक्त कमी जातं, दुखतं कमी. ते १९८० लोक कोण होते मला माहीत नाही. त्यांनी कुठे तरी सही केली म्हणून डॉक्टरांनी मला तो शहाळ्याच्या नळीचा गोल काढून दाखवला. आता आतल्या नळीची पाळी होती. मी आठ दिवसांनी सही केली.

ऑपरेशनआधी एक अडथळा आला. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, जंतू निघाले. मला ताप नव्हता, जळजळ नव्हती, म्हणून वाटलं, जाऊ द्या, उरकून टाका. डॉक्टरांनी साफ नकार दिला. जंतू असताना आत पाण्याचा झोत सोडून खडा फोडला तर ते रक्तात जातात आणि जिवावर बेततं. हाच या ऑपरेशनचा सगळ्यांत मोठा धोका, छिद्राहून मोठा. सात दिवसांची प्रतिजैविकं, पुन्हा तपासणी, मग तारीख. संस्थेत रजा बदलून घेताना फार ओशाळं वाटलं, पण तो उशीर योग्यच होता.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीच्या कण्यात भुलेचं इंजेक्शन दिलं. कमरेपासून खाली आपलं शरीर आहे, हे आठवावं लागत होतं. आधी उताणी ठेवून लघवीच्या वाटेने ती बारीक नळी वर घातली. मग चौघांनी मिळून मला पालथं केलं, छातीखाली आणि कमरेखाली उशा लावल्या. तोंड डावीकडे. मला दिसत होते ते फक्त भूलतज्ज्ञ बाईंचे हिरवे बूट आणि सलाइनच्या स्टँडचं चाक. त्या मधून मधून वाकून विचारत, ‘ताई, ठीक ना?’

म्हणून माझं ऑपरेशन मी ऐकलंय. खालच्या नळीतून रंग सोडा, असं कुणी तरी म्हणायचं. मग एक्स-रेच्या यंत्राचा बारीक बीप. मग ‘अजून थोडं आत, थांब, थांब, आलं’. सुई मूत्रपिंडाच्या नेमक्या कप्प्यात गेली की तिच्यातून लघवी उलट बाहेर येते, त्यावरून कळतं, असं मला नंतर सांगितलं. पाठीवर दाब जाणवला, दुखलं नाही. पाणी वाहण्याचा आवाज सुरू झाला आणि मग टकटक, टकटक, टकटक. पाथरवट दुसऱ्या आळीत जातं घडवत बसलाय असा. हवेच्या दाबावर चालणारी बारीक सळई खड्यावर आदळत होती. पाण्याबरोबर तुकडे बाहेर येत आणि स्टीलच्या भांड्यात पडताना टिणटिण वाजत. चार महिने कढणाला न बधलेली वस्तू भांड्यात वाजताना ऐकून मला रडू आलं. बूटवाल्या बाईंनी डोळे पुसले माझे.

टकटक थांबली. ‘एकदा सगळे कप्पे बघ. तो खालचा. क्लिअर. रक्त? नाही. चला, लिफाफा.’

सही करताना मला वाटलं होतं की चिठ्ठी आधीच निघेल. ती अशी शेवटी का, हे त्या क्षणी ऑपरेशन टेबलावर पालथं पडल्यापडल्या लख्ख समजलं. आधी उघडली असती तर ‘हिला नळी राहणारच आहे’ म्हणून हात थोडा सैल पडला असता, किंवा ‘हिला नाही’ म्हणून जास्त शोधाशोध झाली असती. काम संपल्यावरच उघडायची. कागद फाटल्याचा आवाज आला. सिस्टरने वाचलं, ‘स्टेंट.’

वाईट वाटलं. मनातून मला दुसरी चिठ्ठी हवी होती.

पुढचे चौदा दिवस सोपे नव्हते. पाठीतल्या छिद्राला एक टाका, त्याचं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी चालले, तिसऱ्या दिवशी घरी. पण नळी! लघवीला बसलं की कमरेत खालून वर सरकत जाणारी कळ यायची. मूत्राशय आकसतं तेव्हा थोडी लघवी नळीतून उलटी वर जाते, तिची ती कळ. दिवसातून पंधरा-सोळा वेळा जावं लागे. जास्त चाललं की लघवी कोकमाच्या सरबतासारखी लाल, पाणी प्यायलं की पुन्हा फिकी. हे घाबरण्यासारखं नाही, ताप आणि थंडी भरून आली तर मात्र रात्री दोन वाजताही फोन करायचा, हे कार्डावर ठळक लिहिलेलं होतं.

अभ्यासासाठी प्रश्नावली भरायची होती. किती वेळा उठलात, कळ एक ते दहामध्ये किती, कामावर गेलात का, नवराबायकोच्या संबंधांत अडचण आली का. हा शेवटचा प्रश्न कुणी बाईला विचारतं, याचंच मला नवल वाटलं. खरं ते लिहिलं. सातव्या दिवशी कळीला ‘सात’ लिहिताना हात घुटमळला. आपल्या डॉक्टरांना वाईट दिसेल का, म्हणून ‘पाच’ लिहावं असं वाटून गेलं. मग गटातली एखादी बाई मला बरं वाटावं म्हणून वहीत खोटी बचत दाखवते तेव्हा मी तिला काय सांगते, ते आठवलं. ‘सात’च लिहिलं.

नळी काढायला पाच मिनिटं लागली. भूल नाही, फक्त जेली. डॉक्टरांनी दुर्बिणीने पकडून ओढली आणि मला दाखवली: वीतभराहून जरा लांब, दोन मिलीमीटर जाडीची, दोन्ही टोकांना वेटोळं. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘काढली’ असं लिहून माझी सही घेतली. त्या रजिस्टरचं महत्त्व मला त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर कळलं. शेजारी बसलेल्या मावशींची नळी तीन वर्षं आत राहिली होती. दुसरीकडे कुठे तरी ऑपरेशन झालं, आत काही ठेवलंय हे कुणी त्यांना समजेल असं सांगितलंच नाही. दुखायचं थांबलं, त्या ऊसतोडीला निघून गेल्या. नळीवरच खडे चढले. आता ती काढायला तीन ऑपरेशनं. ‘कागद दिला होता बाई,’ त्या म्हणाल्या, ‘पण तो इंग्रजीत होता.’ मला त्यावर काही बोलवेना. ज्यांच्या पोटात नळी आहे त्यांनी ती काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मी कळकळीने सांगते.

खड्याचा तपासणी अहवाल आला: कॅल्शियम ऑक्झलेट. सासूबाईंनी तोवर माझं दूध बंद केलंच होतं. कॅल्शियमचा खडा म्हणजे दूध-दही नको, असा सगळ्यांचाच समज. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला लावलं. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १२० जणांवर पाच वर्षं केलेला अभ्यास २००२ मध्ये छापला गेला. निम्म्यांचं कॅल्शियम तोडलं. निम्म्यांना ते नेहमीइतकं दिलं, मीठ आणि मांसाहार कमी केला. कॅल्शियम तोडलेल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, लघवीत उतरू देत नाही. सासूबाईंना हे मी दह्याची वाटी हातात घेऊन समजावलं. पण एक खटकलं ते लिहिते: ते १२० च्या १२० पुरुष होते.

बायकांची अडचण अभ्यासात कुणी विचारत नाही, हेच मला पहिल्या भेटीपासून सांगायचं होतं. फॉर्मवर प्रश्न होता, ‘दिवसाला किती पाणी पिता?’ मी लिहिलं, चार ग्लास. ‘का’ असा प्रश्न नव्हता. मी सकाळी आठला निघते, संध्याकाळी सहाला घरी येते. मधल्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये बाईमाणसाला जाता येईल अशी जागा नाही. मग सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा उपाय मी अकरा वर्षं केला आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी करतात. कुणाला पाण्याचं महत्त्व माहीत नाही असं नाही. त्याच बोर्गींच्या १९९६ च्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीइतकंच पिणाऱ्यांत २७ टक्क्यांना. आकडा पटतो. जायचं कुठे, ते त्यात नाही.

सहा आठवड्यांच्या भेटीला मी हे निवासी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं आणि मग एक कागद पुढे केला. संमतीपत्राची दुसरी आवृत्ती, नैतिकता समितीकडून पुन्हा मंजूर होऊन आलेली. एक शब्द बदलायचा तरी तिकडे पाठवावं लागतं. दुसऱ्या पानावर होतं: ‘कोणत्या गटात जायचे ते चिठ्ठी टाकून ठरेल. डॉक्टर किंवा तुम्ही ते ठरवू शकणार नाही.’ पाण्याच्या प्रश्नाखाली मात्र अजून ‘का’ नाही. ‘तेही मांडतो,’ असं त्यांनी शब्द दिलाय, आणि मी दर भेटीला आठवण करते.

त्याच दिवशी चोवीस तासांच्या लघवीची तपासणी झाली होती. पाच लिटरचा कॅन देतात, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी त्यात साठवायची. मी ती रविवारी घरी बसून केली होती. २३५० मिलिलिटर भरली. हवी असते अडीच लिटर. डॉक्टर खूश झाले. मला ते खरं वाटेना. रविवार हा माझा दिवसच नाही.

मधल्या काळात मी माझ्या रस्त्यावरच्या गटांतल्या बायकांशी बोलले होते. वैरागला अध्यक्षबाईंचं घर, पांगरीत बालवाडीच्या ताईंचं, गौडगावच्या फाट्याजवळ एका शिंपीणबाईंचं. त्यांनी एका शब्दाने ‘या की’ म्हटलं. त्यांच्याकडे जाऊन पाणी मागायचं आणि निघताना न लाजता ‘जाऊन येते’ म्हणायचं, हे शिकायला मला अकरा वर्षं आणि एक छिद्र लागलं.

परवा मी कॅन पुन्हा मागून घेतला. बुधवारी, कामाच्या दिवशी, तो कापडी पिशवीत गुंडाळून स्कूटरवर पायांशी ठेवला आणि सगळा रस्ता फिरले. गुरुवारी सकाळी आठला झाकण लावलं. प्रयोगशाळेतल्या मुलीने मोजून सांगितलं, १९०० मिलिलिटर. अजून ६०० कमी पडतात.